फणीवालीचा पडदा

आमच्या समोरच्या घरात दोन जावा राहतात. वरच्या मजल्यावरची कुत्र्यांची पिल्लं विकते आणि खालची कुत्र्यांचे केस कापते. नवरे सख्खे भाऊ. दोघेही मालवाहू गाड्या चालवतात आणि आठवड्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असतात. त्यामुळे घरात राज्य तीन बायकांचं: या दोघी, आणि खालच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसलेल्या त्यांच्या सासूबाई.

मी लिहिते आहे ते खालचीबद्दल. गल्ली तिला फणीवाली म्हणते. हे नाव तिला आवडत नाही. पण वरचीला कोणी पिल्लंवाली म्हणत नाही, मॅडम म्हणतात, हे तिला त्याहून आवडत नाही.

तिचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मधोमध कमरेइतकं उंच टेबल, त्यावर पाय घसरू नयेत म्हणून रबराची चटई. भिंतीवर खिळ्यांना फण्या टांगलेल्या, रुंद दातांपासून बारीक दातांपर्यंत. मागे न्हाणीघर आणि त्याला लागून वाळवायची खोली. तिथे एक पंखा, एक हीटर, लाकडी पट्ट्यांचे दोन बाक, आणि दाराला बाहेरून कडी. ओला कुत्रा आत कोंडायचा, कोरडा झाला की बाहेर काढायचा. मी माझ्या ठिगळ्याला घेऊन अधूनमधून जाते. ठिगळ्या रस्त्यावरून आलेला आहे. त्याचे कान एका जातीचे, शेपूट दुसऱ्या जातीची आणि स्वभाव कुठल्याच जातीचा नाही. त्याचे केस कापण्यासारखे नाहीतच. पण हे गेल्यापासून मला कोणाचं तरी ऐकायला आवडतं, आणि फणीवालीला कोणाला तरी ऐकवल्याशिवाय चैन पडत नाही.

काम मात्र ती फार सुरेख करते. कुत्रा टेबलावर घेतला की आधी त्याच्याकडे बघतच नाही. नजर खिडकीबाहेर ठेवते आणि बोटं त्याच्या कानामागे, काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला फिरवते. जिथे केसांची जट झाली असेल तिथे बोटं थांबतात.

“कुत्रा बोटांनी बघायचा, काकू,” ती मला म्हणायची. “डोळ्यांनी बघायला गेलं की तो गोड चेहरा करून फसवतो.”

तशीच नजर बाहेर ठेवून ती एखाद्या कुत्र्याबद्दल सांगायची, “हे वरचं आहे.” वरचं म्हणजे थोरल्या जावेने विकलेलं. तिचं कधी चुकायचं नाही. आणि ते सांगताना तिच्या आवाजात, दुखऱ्या दातावर जीभ फिरवावी तसं काहीतरी असायचं.

थोरली या घरात आधी आली. तिला वरच्या उन्हाच्या खोल्या मिळाल्या, गच्ची मिळाली. फणीवाली नंतर आली, तिला तळमजला मिळाला. हे एवढंच भांडणाचं मूळ. थोरलीने भिंती पिवळ्या केल्या की महिन्याभरात खालच्या भिंती पिवळ्या व्हायच्या. थोरलीने गॅलरीत झुला टांगला तेव्हा हिने दुकानात टांगला. कुत्रे त्याला घाबरून टेबलावरून उड्या मारायला लागले, तेव्हा कुठे काढला.

थोरलीने गावाबाहेरच्या एका बाईंकडून पांढरी पूडल कुत्री आणली. नाव मलमल. आठवडा उलटायच्या आत फणीवाली त्याच बाईंच्या दारात. मलमलची एक बहीण उरली होती, तीच ही घेऊन आली आणि नाव ठेवलं रेशीम.

“दुसरीकडून आणली असतीस तर काय बिघडलं असतं?” मी विचारलं होतं.

“मग लोक म्हणाले असते, वरची अस्सल आणि खालची कुठलीतरी.”

रेशीम दुकानात नुसती शोभेला बसायची. मलमलचं तसं नव्हतं. थोरलीने बदामी रंगाचा, कॉकर जातीचा एक नर आणला, त्याचं नाव बदाम, आणि मलमल-बदामची मिश्र पिल्लं विकायला सुरुवात केली. कुरळ्या केसांची, लांब कानांची, बघताक्षणी कोणालाही उचलून घ्यावीशी वाटतील अशी. गल्लीत गाड्या थांबू लागल्या. लोक ठेवणीतले कपडे घालून पिल्लू न्यायला येत आणि चुकून आधी खालच्या दारात शिरत.

“पिल्लं देणाऱ्या मॅडम आपणच का?”

“वर,” फणीवाली म्हणायची. त्या एका अक्षरात जेवढं मावेल तेवढं सगळं तिने भरलेलं असायचं.

थोरलीवर अन्याय नको म्हणून सांगते. ती कोणालाही पिल्लू द्यायची नाही. घरी दिवसभर कोण असतं, जिना किती उंच आहे, लहान मुलं शेपटी ओढतील का, सगळं विचारायची. वाढदिवसाला बायकोला चकित करायचं म्हणून पिल्लू मागायला आलेल्या एका गृहस्थाला तिने जिन्यावरूनच परत पाठवलं होतं. पण लोकांना ती दोन गोष्टी छातीठोकपणे सांगायची. एक, यांचे केस गळत नाहीत. दुसरी, दोन जाती मिसळल्या की दोन्हींचे रोग निघून जातात आणि चांगलं तेवढं उरतं. आणि मलमल प्रत्येक माजाला व्यायची. एका वेताची पिल्लं घराबाहेर पडेपर्यंत तिचं लोंबलेलं पोट जेमतेम वर येई, की पुन्हा तेच.

गल्लीच्या टोकाला घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. बायकोला केसांचा त्रास होतो म्हणून त्यांनी ‘केस न गळणारं’ पिल्लू थोरलीकडून घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं काटा. काही महिन्यांनी ते काट्याला घेऊन खाली आले. मी बाकावर बसले होते. वरून कुत्रा नुसता फुगलेला दिसत होता. फणीवालीने बोटं घातली आणि मान हलवली.

“कातडीपर्यंत जट आहे. सगळं काढावं लागेल.”

“असं कसं? मॅडम म्हणाल्या, केस गळत नाहीत.”

“गळत नाहीत म्हणजे जातात कुठे? आतच अडकतात. एकाचे कुरळे, एकाचे मऊ. रोज फणी घातली नाही की नमद्यासारखा घट्ट थर होतो. हे तुम्हाला सांगितलं नाही वाटतं त्यांनी?”

हा शेवटचा प्रश्न तिने फार गोड आवाजात विचारला. मग मशीन चालवलं. जट एका तुकड्यात सोलून निघाली, गालिच्याचा कोपरा उचलावा तशी. खाली गुलाबी, बारीक, थरथरणारा प्राणी उरला.

घड्याळवाल्यांचा चेहरा उतरला. “बाई, हे काय केलंत? उंदीर दिसतोय तो.”

“सवय होईल,” खिडकीजवळून सासूबाई म्हणाल्या. “माझ्या मुलाला टक्कल पडलं तेव्हा मलाही झाली.”

“तुमचं वरच्यांशी पटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे,” घड्याळवाले फणीवालीला म्हणाले. “पण जळफळाट मुक्या प्राण्यावर काढू नये.”

तिचं खरं तर बरोबर होतं. कोणाचीही फणी तिथे चालली नसती. पण तिच्या मनात काय आहे हे त्यांनी बिनचूक ओळखलं होतं, म्हणून ती लाल झाली. कपाळावरचे केस तेवढे अजून कापायचे राहिले होते. ते तिने कापले नाहीत. फणीने पुढे ओढले, टोकं सारखी केली, आणि ते काट्याच्या डोळ्यांवर पडद्यासारखे सोडले. काट्याने मान तिरकी करून आमच्याकडे बघितलं, म्हणजे बघितलं असावं, आणि घड्याळवाले हसले. उघड्या अंगावर तो पडदा इतका लोभस दिसत होता.

त्या दिवसापासून पडद्याची लाट आली. ज्याला त्याला आपल्या कुत्र्याला पडदा हवा. थोरलीचं प्रत्येक पिल्लू पहिल्या केसकापणीला खाली यायचं आणि पडदा लावून जायचं. लोक म्हणू लागले, पिल्लू वरचं, पण रूप खालचं. हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की शेवटी ठिगळ्याही ते ऐकून उठून जायला लागला. पडदा ती दर वेळी थोडा आणखी लांब ठेवायची.

मग थोरलीने गॅलरीच्या काचेवर पिल्लांचं मोठं छायाचित्र लावलं. सगळी पिल्लं पडदेवाली. आणि येणारे लोक समजायला लागले की या जातीला पडदा उपजतच असतो.

“माझी कात्री, आणि नाव त्यांच्या रक्ताचं!” फणीवाली फणी आपटून म्हणाली. “आता बघाच काकू.”

बदाम दर महिन्याला आंघोळीला खाली यायचा. घरचं गिऱ्हाईक, त्याचे पैसे कोणी द्यायचे नाहीत आणि ही मागायची नाही, फक्त आठवण ठेवायची. त्या वेळी रेशीम माजावर होती. फणीवालीने बदामला न्हाऊ घातलं आणि वाळवायच्या खोलीत सोडलं. मागोमाग रेशीमलाही. कडी तिने स्वतः घातली.

“अगं, रेशीम आत आहे,” मी म्हटलं.

“असू दे काकू. दोघं ओले आहेत.”

मग तिने बाहेरचं बटण दाबून हीटर बंद केला आणि टेबल पुसता पुसता गुणगुणायला लागली. एरवी ती कधी गुणगुणत नाही.

दोन महिन्यांनी रेशीम व्यायली. पाच पिल्लं, आणि पाचांच्या छातीवर बदामसारखा पांढरा ठिपका, अंगठा उमटवल्यासारखा. थोरली खाली आली. सहसा ती खाली यायची नाही, वरूनच हाक मारायची. टोपलीजवळ वाकली, सरळ झाली.

“हा ठिपका ओळखीचा वाटतो.”

“असेल. जगात पांढऱ्या ठिपक्यांना काय तोटा?”

“मला न विचारता माझा कुत्रा वापरलास?”

“कुत्र्याला विचारलं असेल गं तिने,” सासूबाई म्हणाल्या. “तुला विचारायचं राहिलं.”

“आई, तुम्ही मध्ये बोलू नका. मी मलमलला आधी डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं. हिने नेलं का रेशीमला?”

“डॉक्टरने काय बघितलं मलमलचं? वजन!” फणीवाली म्हणाली.

“आम्ही सून आणताना तिच्या आईचे गुडघेसुद्धा विचारले होते,” सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “तुमचं दोघींचं मात्र वजनावर भागतं.”

थोरली दारापर्यंत गेली आणि वळली. “जळतेस तू माझ्यावर. या घरात पाऊल ठेवलंस त्या दिवसापासून.”

“तुमच्यावर जळण्यासारखं तुमच्याकडे आहे काय, वहिनी?” असं फणीवाली म्हणाली खरी. पण नजर थोरलीच्या खांद्यावरून वर, जिन्याकडे गेली होती.

त्या पिल्लांसाठी खालच्या दारात पहिल्यांदा गाड्या थांबल्या. फणीवालीने इस्त्रीचे कपडे घातले. लोकांना तिने थोरलीचेच प्रश्न विचारले, त्याच क्रमाने, थोरलीच्याच खालच्या पट्टीत. फक्त शेवटी एक स्वतःचा जोडला, “रोज विंचराल का?” चार पिल्लं गेली. पाचवं, कापूस, तिने ठेवून घेतलं. तो आठवडाभर तिच्या खांद्यावरच होता. ती उगीचच जिन्याखाली उभी राहायची, वरून उतरणाऱ्याला तो दिसावा म्हणून.

त्यानंतर तीन वर्षं दोन्ही मजले सुखात होते, म्हणजे एकमेकींच्या सुखावर लक्ष ठेवून होते. कापूस मोठा झाला. तो सतत रेशीमच्या मागून चालायचा, तिला अंग लावून. “आईवेडा आहे,” फणीवाली कौतुकाने सांगायची. अंगणात तो ठिगळ्याला धडकायचा तेव्हा आम्ही पडद्याला हसायचो. घड्याळवाल्यांचा काटा संध्याकाळ झाली की पायरी उतरेनासा झाला. त्यालाही सगळ्यांनी पडद्यालाच दोष दिला.

एका दुपारी घड्याळवाले त्याला घेऊन आले. “बाई, खूप झाला पडदा. कापा तो. बिचाऱ्याला दिसत नाही.”

फणीवालीने नाखुशीनेच कात्री घेतली. कपाळावरचे केस पहिल्यांदाच मुळापासून उतरले. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं. नेहमीप्रमाणे तिची नजर बाहेर होती, पण हात थांबला, कारण काटा कात्रीला बिचकला नाही. कात्रीचं टोक डोळ्याजवळ आलं की सगळे कुत्रे मान मागे घेतात. हा तसाच उभा राहिला. तेव्हा कुठे तिने त्याच्याकडे बघितलं.

भर उन्हात त्याच्या बाहुल्या टपोऱ्या, पूर्ण उघड्या होत्या, आणि आत खोल हिरवट चमक होती. तिने कात्री डावीकडे नेली, उजवीकडे नेली. डोळे हलले नाहीत. टेबलावर कात्री ठेवल्याचा आवाज झाला, तेव्हा मान वळली.

ती खाली वाकली, रेशीमला टेकून बसलेल्या कापसाला उचललं, आणि त्याचा पडदा हाताने वर केला. तो तिचा सर्वांत लांब, सर्वांत देखणा पडदा होता. मला तिचा चेहराच दिसत होता, कापसाचे डोळे नाही. पण मला ते बघायची गरज पडली नाही.

दोन्ही कुत्र्यांना घेऊन फणीवाली आणि घड्याळवाले जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मीही सोबत गेले. बाई तरुण आहेत, सावकाश बोलतात. त्यांनी अंधार करून दोघांच्या डोळ्यांत दिवा धरला.

“डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू निकामी होतोय,” त्या म्हणाल्या. “आधी अंधारात दिसेनासं होतं, मग उजेडातही. दुखत नाही. पण औषधही नाही.”

“पण हे मिश्र आहेत ना?” घड्याळवाले म्हणाले. “मिश्र म्हणजे निरोगी, असं…”

“मिसळलं की रोग पातळ होतो असं नसतं. हा पूडलमध्येही असतो आणि कॉकरमध्येही. आई आणि बाप दोघांनी दिला तरच पिल्लाला होतो. दोघं स्वतः धडधाकट दिसतात, म्हणून कळत नाही. जोडी लावायच्या आधी रक्त तपासलं असतं तर कळलं असतं.”

“सगळ्या पिल्लांना होतो?” फणीवालीने विचारलं.

“सगळ्यांना नाही. पण कोणाला होणार, हे नुसतं बघून सांगता येत नाही. नव्याने अशी जोडी मात्र लावायची नाही.”

दुकानात आल्यावर घड्याळवाले काट्याला कुशीत घेऊन बाकावर बसले. त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाले, “म्हणजे तुमच्या वरच्या मॅडमनी मला आंधळा होणारा कुत्रा विकला.”

शाळेत सिस्टर आमच्याकडून सात मोठी पापं पाठ करून घ्यायच्या आणि घरी आजोबा माणसाचे सहा शत्रू. बाकीची नावं थोडी इकडेतिकडे होती, पण मत्सर दोन्हीकडे होता. त्या क्षणी तो त्या दुकानात आमच्यासोबत उभा होता, हे मी शपथेवर सांगेन. इतकी वर्षं फणीवाली थोरलीच्या धंद्यात खोट शोधत होती. आता ती खोट गिऱ्हाईक स्वतः हातात आणून देत होतं. तिने फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पुढचं सगळं गल्लीने केलं असतं.

फणीवालीने एक फणी उचलली, खिळ्याला लावली, परत काढली.

“त्यांनी विकला,” ती म्हणाली. “पण तसेच मीही विकलेत. चार घरी.”

घड्याळवाल्यांनी वर बघितलं. मग काट्याच्या डोक्यावर हनुवटी टेकून म्हणाले, “मीही रंगच विचारला होता, बाई. आईबापांचं काही विचारावं, हे सुचलंच नाही.”

“आता बसून राहू नका,” खिडकीजवळून सासूबाई म्हणाल्या. “मलमल परत माजावर आहे. उद्या तिच्याजवळ बदामला सोडणार आहे थोरली. सकाळीच वरून मला ओरडून सांगितलं तिने.”

फणीवालीने कापसाला एका काखेत घेतलं, घड्याळवाल्यांकडून काट्याला मागून घेऊन दुसऱ्या. जिन्याशी जाऊन थांबली. “काकू, तुम्ही चला. मला एकटीला त्या दारातूनच परत पाठवतील.”

वर मलमल गादीवर पसरली होती. पोट अजून खाली लोंबत होतं. बदाम गच्चीत बांधलेला. थोरलीने आम्हाला बघून भुवया उंचावल्या. फणीवालीने डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं एका दमात सांगितलं. जे सांगायला इतकी वर्षं वाट बघितली होती ते सांगताना तिचा आवाज कापत होता, आणि तो आनंदाने कापत नव्हता.

“छान,” थोरली म्हणाली. “उद्याची जोडी मोडायला हे बरं काढलंस. जळतेस माझ्यावर, दुसरं काय.”

“जळते, वहिनी. रोज जळते. सकाळी उठले की आधी तुमच्या उन्हावर जळते, मग दात घासते. पण हे बघा.”

तिने खिडक्यांचे पडदे ओढले. खोलीत संध्याकाळसारखा अंधार झाला. मधोमध एक स्टूल ठेवलं, दोन्ही कुत्र्यांना दाराशी सोडलं, आणि पलीकडून हाक मारली. काटा जागचा हललाच नाही. बसून राहिला. कापूस हाकेच्या दिशेने सरळ निघाला आणि स्टुलावर आपटला. मागे सरकला, शेपटी हलवली, जणू स्टुलालाच लागलं असावं, आणि दुसऱ्यांदा आपटला.

थोरलीने पुढे होऊन स्टूल उचललं आणि ते तसंच पोटाशी धरून उभी राहिली.

“पिल्लू असताना दिसत होतं काट्याला. मी स्वतः चेंडू टाकून बघितला होता.”

“दिसत होतं. म्हणूनच तर कळलं नाही. आणि पुढे मी पडदे सोडून ठेवले.”

“तुझ्या रेशीममध्ये असेल दोष. मलमलमध्ये कशावरून?”

“काटा मलमलचा आहे, वहिनी. आणि रेशीम तिची सख्खी बहीण. तुमच्यावर जळूनच आणलेली. दुसरीकडची आणली असती तर कदाचित माझा कापूस तरी वाचला असता.”

थोरलीने मलमलकडे बघितलं. मलमलने मान उचलली नाही, फक्त एक डोळा उघडला. ती कुत्री किती थकली आहे, हे थोरलीला त्या अर्धवट अंधारातच पहिल्यांदा दिसलं असावं. ती गच्चीत गेली. मला वाटलं बदामला सोडते आहे की काय. पण ती त्याचा पट्टा आणखी एक फेरा घालून घट्ट बांधत होती.

“आता लोकांना काय सांगायचं?” ती तिथूनच म्हणाली.

“जे आहे ते.”

“तुला सोपं आहे. तुझी चार आहेत.”

हे फणीवालीला लागलं, मी बघितलं. अशा वेळीही थोरलीचा आकडा मोठाच.

पुढच्या काही दिवसांत मलमल, रेशीम आणि बदाम, तिघांचीही शस्त्रक्रिया करून घेतली. यापुढे पिल्लं नाहीत. दोघींनी आपापली पिल्लं नेलेल्या घरांना फोन केले. फणीवालीच्या चार घरांपैकी एकाने शिव्या दिल्या, एकीने रडून फोन ठेवला, एकाने कुत्र्याला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं, आणि एकीने सगळं शांतपणे ऐकून विचारलं, “बरं, पण याच रंगाचं दुसरं कधी मिळेल?”

थोरलीकडचं वेगळं. तिलाही बोलणारे भेटले, कोर्टाची भाषा करणारेही भेटले. एका घराने कुत्रा परतच आणून दिला. त्याचे डोळे गेले होते. थोरलीने त्याला ठेवून घेतलं आणि गॅलरीच्या काचेवरचं छायाचित्र काढलं. आणि मग गल्लीत बोलणं सुरू झालं: मॅडम किती प्रामाणिक! स्वतःहून फोन केले! परत आलेला कुत्रासुद्धा सांभाळतात!

“सांगायला वर कोण गेलं होतं?” फणीवाली माझ्यासमोर हात झटकून म्हणाली. “मी! स्टूल कोणी ठेवलं? मी! आणि प्रामाणिक कोण? मॅडम! माझ्याकडे कोणी एक कुत्रासुद्धा परत आणला नाही, काकू. मी काय सांभाळला नसता?”

“तू एक सांभाळतेसच की.”

“तो माझाच आहे. त्याला कोण मोजतंय!”

दुकानातला पडदा आता बंद आहे. कोणी कितीही हट्ट केला तरी ती भुवयांपर्यंतच केस ठेवते, आणि टेबलावर कुत्रा घेतला की आधी त्याच्या डोळ्यांत बघते, मग बोटं घालते. पिल्लू घ्यायचं म्हणून सल्ला विचारायला येणाऱ्यांना ती आईबापांच्या रक्ताची तपासणी विचारायला लावते. मिश्र असो वा अस्सल. “आणि नसेल तर यांच्यासारखा रस्त्यावरून उचलून आणा,” असं म्हणून ठिगळ्याकडे बोट दाखवते. तो मान वळवतो.

कापसासाठी तिने रेशीमच्या पट्ट्याला एक लहान घंटी बांधली. रेशीम जिकडे जाईल तिकडे आवाज जातो आणि मागून कापूस, न धडकता. हे थोरलीने वरून बघितलं. दोन दिवसांनी ती खाली आली.

“ती घंटी कुठून आणलीस? माझ्या आंधळ्यासाठी मलमलला बांधायची आहे.”

फणीवालीने खणातून दुसरी काढली. पण देण्याआधी दोन्ही घंट्या कानाशी नेऊन वाजवून बघितल्या, एकदा नव्हे, तीन-चारदा. जिचा आवाज जास्त गोड वाटला ती ठेवून घेतली आणि दुसरी दिली. मला तरी दोन्हींचा आवाज एकच वाटला.

कापसालाही तसंच वाटलं. दुसऱ्याच सकाळी मी बाकावर असताना वर मलमल चालली, घंटी वाजली, आणि कापूस रेशीमला तिथेच सोडून जिना चढू लागला. एकेक पायरी नाकाने हुंगत, अजिबात न चुकता, उन्हाच्या खोल्यांकडे.

“ए! इकडे!” फणीवाली ओरडली. “अरे, आई इथे आहे तुझी! बघा काकू, बघा. हासुद्धा!”

“वर ऊन असतं ना,” सासूबाई म्हणाल्या.

कात्री टेबलावर टाकून ती तरातरा वर गेली. भांडणाचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन बसले. आला नाही. टेबलावरचा अर्धा कापलेला कुत्रा कंटाळून खाली बसला, ठिगळ्या झोपला, तरी ती आली नाही. शेवटी कापसाला काखेत मारून उतरली आणि कात्री हातात घेतली.

“काय गं, इतका वेळ?”

“चहा टाकला होता तिने,” फणीवाली म्हणाली. मग कुत्र्याची हनुवटी धरून त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं, आणि म्हणाली, “साखर कमी होती.”